करंट कुठे अडला?

डावा इंडिकेटर लावावा आणि त्याच्या तालावर मागचा लाल दिवाही कमी-जास्त व्हायला लागावा. ब्रेक दाबावा आणि स्पीडोमीटरशेजारचा इंडिकेटरचा बारका दिवा उगाचच मिणमिणावा. जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्याने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. मिस्त्रीचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : "पूरी वायरिंग बदलनी पड़ेगी." भिलाईत मिस्त्रीशी बोलणं हिंदीत होतं आणि घरी आल्यावर त्याच्या बिलावरची चर्चा मराठीत. ते बिल होण्याआधी मागच्या मडगार्डाखालचा एक बोल्ट पाहून घ्यावा. तो गंजलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि सगळा घोटाळा तेवढ्यातच असू शकतो.

मोटारसायकलीच्या बहुतेक जुन्या दिव्यांना एकच तार जाते. करंट त्या तारेने येतो, फिलामेंटमधून जातो, बल्बच्या पितळी टोपीतून होल्डरमध्ये, होल्डरमधून मडगार्डात, मडगार्डातून सांगाड्यात आणि सांगाड्यातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परततो. भिलाईत ही रचना समजवायला दूर जावं लागत नाही. मुंबई-हावडा मार्गावर विजेचं इंजिन धावतं तेव्हा त्याच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची एकच तार असते. परतीचा करंट जातो चाकांखालच्या रुळांतून, आणि ते रूळ बहुधा इथल्याच पोलाद कारखान्यात लाटलेले असतात. गाडीचा सांगाडा हे तिच्यातल्या प्रत्येक दिव्याचे आणि हॉर्नचे रूळ आहेत.

आता मडगार्ड आणि सांगाडा यांच्यामधला बोल्ट गंजला असं समजा. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला सरळ परतता येत नाही. मग तो त्याच मडगार्डावरच्या इंडिकेटरच्या बल्बमध्ये उलटा शिरतो, त्याच्या तारेने पुढे येतो आणि पुढच्या दिव्यांमधून सांगाड्यात उतरतो. जाता जाता वाटेतले दिवे अर्धवट पेटवतो. म्हणून नियम साधा आहे : एका दिव्याचं बटण दाबल्यावर दुसराच दिवा हालचाल करू लागला, तर आधी परतीची वाट, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत 'अर्थ', तपासायची. बल्ब, स्विच, फ्लॅशर यांचा नंबर नंतर.

सगळ्यात गमतीचा प्रकार नव्याने सजवून आणलेल्या गाडीत होतो. वडिलांची बुलेट सुटी सुटी करून पावडर कोटिंग करून आणावी, नवा वायरिंग सेट बसवावा, आणि पूर्वी बरी चालणारी वीज आता रुसावी. पावडर कोटिंग म्हणजे सांगाड्यावर भाजून बसवलेला प्लास्टिकचा थर. तो गंजापासून वाचवतो, पण वीज अजिबात वाहू देत नाही. जिथे अर्थची तार सांगाड्याला बसते, जिथे इंजिन सांगाड्याला बसतं, जिथे मडगार्ड बसतं, तिथे तो थर खरवडून कोरा धातू उघडा करावा लागतो, जोड घट्ट करून वरून व्हॅसलीन लावावं लागतं. रंगारी हे करत नाही, कारण त्याचं काम रंगाचं. वायरिंगवाला करत नाही, कारण सुंदर रंगावर ओरखडा काढल्यावर मालक काय म्हणेल याची त्याला धास्ती. मालकाला तर माहीतच नसतं.

अशा जोडाची परीक्षा मल्टिमीटरने होते. साधा डिजिटल मल्टिमीटर आता एका बऱ्या प्लगपेक्षा फार महाग राहिलेला नाही. पण तो वापरण्यात एक खोच आहे. बरेच जण गाडी बंद ठेवून जोडाचा रोध, म्हणजे ओहम, मोजतात आणि मीटर 'शून्य' दाखवतो म्हणून जोड ठीक आहे असं समजतात. मीटर या तपासणीसाठी अगदी नगण्य करंट सोडतो. तारेच्या वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटले असले तरी उरलेला एक धागा तेवढा करंट आरामात नेतो. हेडलाइट लावल्यावर मात्र त्याच धाग्यातून काही अँपिअर जायचे असतात, आणि तिथे तो हरतो. म्हणून जोड कामाला लावूनच तपासायचा. दिवा पेटता ठेवायचा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बल्बच्या होल्डरच्या धातूला आणि दुसरं थेट बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावायचं. वाट चांगली असेल तर मीटर जवळपास काहीच दाखवणार नाही, ०.१-०.२ व्होल्ट चालतील. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर तेवढी वीज दिव्याऐवजी त्या गंजलेल्या बोल्टमध्ये खर्च होते आहे. मग एक टोक पुढे सरकवत जायचं : होल्डर, मडगार्ड, सांगाडा, अर्थची तार. आकडा ज्या जोडापाशी एकदम पडेल तिथे पाना लावायचा. हीच युक्ती उलट बाजूला, बॅटरीच्या धन टोकापासून बल्बपर्यंतही चालते. तिथे मधे स्विच येतो, आणि जुन्या गाडीतला स्विच हा एक आळशी प्राणी असतो.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ एवढंच आहे. जुन्या गाडीत वस्तू जितक्या बिघडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा वस्तूंमधल्या वाटा बिघडतात. दुकानात मात्र वस्तूच विकत मिळतात, त्यामुळे बदलल्या वस्तूच जातात.

हा फरक किती पैशांचा आणि किती उजेडाचा आहे हे आकड्यांत पाहू. राजदूत, येझदी आणि पूर्वीच्या बुलेट या ६ व्होल्टच्या गाड्या. ६ व्होल्टवर ३५ वॅटचा हेडलाइट जवळपास ६ अँपिअर करंट घेतो. स्विच, कनेक्टर आणि अर्थ यांच्यात मिळून फक्त ०.१ ओहमचा अडथळा आहे असं धरा. गंजाची एक पातळ साय तेवढ्याला पुरते. ६ अँपिअर गुणिले ०.१ ओहम म्हणजे ०.६ व्होल्ट वाटेतच गेले, ६ पैकी दहा टक्के. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्के उतरतो. तोच ०.१ ओहम १२ व्होल्टच्या गाडीत असेल तर करंट निम्मा, त्यामुळे वाटेतलं नुकसान ०.३ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के, आणि उजेड कमी होतो जेमतेम आठ टक्क्यांनी. येझदीचा दिवा 'मेणबत्ती' म्हणून बदनाम झाला त्यात येझदीपेक्षा ६ व्होल्टचा वाटा मोठा. अशा गाडीत नवा बल्ब टाकण्याआधी चार जोड घासून साफ केले, तर तासाभराच्या कामात दिसण्याइतका फरक पडतो.

आता जरा गावाकडे वळू. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली. १९५५ मध्येच मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली. पुढे सेक्टरांची वसाहत वाढली, नागपूर-भंडारा-गोंदियाकडची माणसंही इथे आली, आणि पाळीला वेळेवर पोचायचं तर सायकलीनंतरची पायरी म्हणजे मोटारसायकल किंवा स्कूटर. इथल्या अंगणांत अजून अशी एखादी गाडी दिसते जिच्या पाटीवर 'एमपी' ही अक्षरं आहेत, म्हणजे ती १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड होण्याआधीची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, तेव्हा दिवे आणि हॉर्न तपासले जातात. एरवी हॉर्नविना वर्षभर फिरणाऱ्या माणसालाही त्या वेळी वायरिंगची आठवण होते.

भिलाईची हवा जुन्या वायरिंगला दोन्ही टोकांनी पिडते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली त्याहून जास्त. तारेवरचं पीव्हीसीचं आवरण मऊ ठेवणारा अंश वर्षानुवर्षांच्या उष्णतेने उडून जातो, आवरण कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. मग जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि त्या तड्यांमध्ये शिरतो. तांब्यावर हिरवट थर चढतो, तो तारेच्या आतून पुढे सरकत जातो. बाहेरून तार धडधाकट दिसते, आत मात्र तांबं काळं पडून ठिसूळ झालेलं असतं. टोक कापून पाहावं; काळं निघालं तर अजून दोन इंच मागे कापावं.

उष्णतेचा पहिला बळी बॅटरी. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीचा एक कप्पा भरलेला असताना सुमारे २.१ व्होल्ट देतो. सहा कप्पे म्हणजे १२.६ व्होल्ट, तीन कप्पे म्हणजे ६.३. गाडी काही तास बंद ठेवून मोजलेलं व्होल्टेज १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे तिला चार्जरवर ठेवायला हवं. मीटरने १०.५ दाखवलं तर तो आकडा ओळखीचा वाटायला हवा : सहातला एक कप्पा मेला आहे. अशा बॅटरीला कितीही चार्ज केलं तरी उपयोग नाही. न वापरता ठेवलेली बॅटरी आपोआप उतरते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तिचा उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. डिसेंबरात महिना दीड महिना टिकणारी बॅटरी मे महिन्यात सुट्टीला नागपूरला जाऊन येईपर्यंत मान टाकते ती म्हणून. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात, आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी खाली गेल्यावर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. उडून जातं ते पाणी, आम्ल नव्हे; त्यामुळे 'ॲसिड मारून द्या' हा सल्ला चुकीचा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

एवढं झालं की गाडी सुरू न होण्याच्या दोषाकडे जाता येतं. इथे आधी हे ठरवायचं की आपल्या गाडीत ठिणगी कुणाच्या जिवावर पडते. येझदी आणि जुनी बुलेट यांत ती बॅटरीच्या. बॅटरी मेली की प्लगही मेला. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० आणि हीरो होंडा सीडी १०० यांत सीडीआय आहे. तिथे ठिणगीची वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटपासून निघते, बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकने सुरू होते. अशा अनेक १०० सीसी गाड्यांत हेडलाइटही थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतो आणि हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट बॅटरीवर. म्हणून हॉर्न घोगरा झालाय, इंडिकेटर पेटून राहतो पण मिचकत नाही, आणि हेडलाइट मात्र रेस दिल्यावर लख्ख, अशी तक्रार असेल तर दोष बॅटरीच्या बाजूला आहे. उलट हॉर्न खणखणीत आणि हेडलाइट बंद, तर मॅग्नेटकडून येणारी तार, स्विच किंवा बल्ब. पाना हातात घेण्याआधी अर्धी गाडी अशी बिनखर्चात बाजूला काढता येते.

जुन्या बुलेटवर स्पीडोमीटरच्या शेजारी अँमीटरची एक बारीक तबकडी असते. नव्या पिढीला ती शोभेची वाटते. मला विचाराल तर भारतीय मोटारसायकलीवर बसवलेलं ते सर्वांत उपयोगी उपकरण आहे, आणि कंपन्यांनी ते काढून टाकलं याचं मला अजून वाईट वाटतं. बुलेटला किक मारण्याचा जो विधी आहे, चावी लावायची, डिकम्प्रेसर दाबायचा, काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच खाली न्यायची, मग डिकम्प्रेसर सोडून, किक वर घेऊन जोर लावायचा, त्यातला काटा याच तबकडीचा. होतं असं की चावी लावल्यावर पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, जुळलेले असतील तर बॅटरीतून कॉइलमध्ये करंट जातो. १२ व्होल्टच्या कॉइलच्या आतल्या जाड गुंडाळीचा रोध तीन-चार ओहम असतो, म्हणून काटा वजाच्या बाजूला तीनेक अँपिअरवर जातो. पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि काटा मध्यावर येतो. बुलेटचे पॉइंट इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच, कॉम्प्रेशनच्या टोकाजवळ उघडतात. त्यामुळे पिस्टन कुठे आहे हे काटा सांगतो.

तोच काटा दोषही सांगतो. चावी लावून किक हळूहळू फिरवत राहिलं आणि काटा मध्यावरून हललाच नाही, तर कॉइलला करंट पोचत नाही : फ्यूज गेला, चावीचा स्विच गेला, तार तुटली किंवा पॉइंटवर घाण बसून ते जुळूनही वीज नेत नाहीत. काटा वजाकडे गेला आणि तिथेच बसला, किक फिरवली तरी परतत नाही, तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा उघडूनही करंटला अर्थकडे जायला दुसरी वाट मिळाली आहे. ती वाट म्हणजे शॉर्ट झालेला कंडेन्सर, नाहीतर पॉइंट बसवताना उलटसुलट लागलेला फायबरचा वॉशर. काटा डुलतो आहे पण प्लगला ठिणगी नाही, तर अलीकडची वाट ठीक आणि दोष कॉइलच्या पलीकडे किंवा कंडेन्सरमध्ये. आणि चावी बंद असताना काटा वजाकडे झुकला, तर आधी बॅटरीची तार काढा, बाकी विचार नंतर. विचार करताना चावी लावून गाडी उभी ठेवू नये. पॉइंट जुळलेले असतील तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी रिकामी होते.

पॉइंटमधलं अंतर बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतं. फीलर गेजने ते पाहायला दोन मिनिटं लागतात. पॉइंट साफ करायला सँडपेपर वापरू नये. त्याचे कण धातूत रुततात आणि पुढच्या आठवड्यात तेच अडथळा होतात. बारीक सपाट कानस आणि शेवटी पेट्रोलमध्ये भिजवलेला कागद पुरतो. कंडेन्सर ही पॉइंटला समांतर जोडलेली, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासची लहानशी डबी. पॉइंट उघडताना तिथे उडू पाहणारी ठिणगी तो गिळतो, त्यामुळे करंट झटक्यात तुटतो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. तो आतून तुटला की पॉइंटवर जाड निळी ठिणगी दिसते, पॉइंट लवकर जळतात आणि प्लगला पोचते ती कमजोर पिवळी ठिणगी.

जुन्या गाड्यांचा सर्वांत छळवादी दोष इथेच जन्मतो. सकाळी पहिल्या किकला सुरू, दहा-पंधरा किलोमीटर उत्तम, मग फटफट करत बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा काहीच झालं नसल्यासारखी चालू. मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती थंड झालेली असते, म्हणून त्याला दोष दिसत नाही आणि तो कार्ब्युरेटर साफ करून देतो. गरम झाल्यावर आतला जोड सुटणं हा कंडेन्सरचा आणि कॉइलचा स्वभाव आहे. सीडीआय गाड्यांत हेच काम पिकअप कॉइल किंवा मॅग्नेटमधली सोर्स कॉइल करते. हा दोष गाडी गरम असतानाच पकडायचा. बंद पडल्या क्षणी प्लग काढून, त्याचा धातू इंजिनाला टेकवून किक मारायची, पेट्रोलचा वास नसलेल्या जागी. ठिणगी नसेल तर वीज, असेल तर पेट्रोल. दोष विजेचा असेल तर कंडेन्सर आधी बदलावा, कारण तो कॉइलपेक्षा स्वस्त आहे आणि जास्त वेळा दोषी असतो.

सीडीआयच्या डबीला मात्र उगाचच फार शिव्या बसतात. ती राळेत बुडवून सीलबंद केलेली असते आणि बरीच वर्षं काही होत नाही. आरएक्स १०० किंवा जुन्या होंडाला ठिणगी नसेल तर आधी काळी-पांढरी तार पाहावी. ही तार चावीच्या किंवा किल स्विचकडे जाते. ती अर्थला टेकली की इंजिन बंद होतं, तीच तिची नेमणूक. हँडलजवळ ती घासून सोलली, किंवा स्विचमध्ये पावसाचं पाणी गेलं, तर ती आपल्या मर्जीने इंजिन बंद करते. सीडीआयजवळ तिचा कनेक्टर सोडवून किक मारायची. गाडी सुरू झाली तर डबी निर्दोष. मग ती चावीने बंद होणार नाही, गिअरमध्ये ब्रेक लावून बंद करावी लागेल, एवढं लक्षात ठेवायचं. इथे रंगांचा सापळाही आहे. यामाहा आणि होंडात काळी-पांढरी म्हणजे इंजिन बंद करणारी, तर सुझुकीत तीच अर्थची. होंडात अर्थ हिरवी, यामाहात काळी, कावासाकीत काळी-पिवळी. आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने हाताशी आलेल्या रंगाची तार जोडली असेल, तर हे सगळं रद्द. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचं धन टोकच सांगाड्याला जोडलेलं असे. अशी गाडी हाती आली तर बॅटरी लावण्याआधी जुनी जोडणी पाहून घ्यावी. उलटी बॅटरी रेक्टिफायरला एका क्षणात संपवते. त्या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकसला लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. यात थट्टा बरीच आहे. ल्यूकसच्या माथी मारलेले कितीतरी दोष शेवटी गंजलेल्या अर्थचेच निघतात.

चार्जिंगची तपासणी लहान आहे. बॅटरीवर मीटर लावून इंजिन मध्यम रेसवर ठेवलं की १२ व्होल्टच्या गाडीत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. चढतच नसेल तर अल्टरनेटरच्या तारा, त्यांचा कनेक्टर आणि रेक्टिफायर, याच क्रमाने. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. मग बॅटरीचं पाणी उकळतं आणि बल्ब एकामागून एक जातात. दर महिन्याला बल्ब बदलणाऱ्याने बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी हा आकडा बघावा. आणि चांगली बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर चावी बंद करून बॅटरीची एक तार काढावी आणि मधे मीटर मिलिअँपिअरवर लावावा. घड्याळ-अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत तिथे शून्य हवं. नसेल तर रेक्टिफायरचा कनेक्टर सोडवून पाहावा. त्यातला एक डायोड गळका झाला की बॅटरी उलट वाटेने अल्टरनेटरमध्ये झिरपत राहते.

पावसाळ्यात दोष शोधायची उत्तम वेळ रात्रीची. दिवे मालवून इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या जाड तारेवर स्प्रेने थोडं पाणी उडवायचं, हात मात्र दूर. तार किंवा टोपी तडकलेली असेल तर निळी ठिणगी तड्यातून इंजिनाच्या फिनवर उडी मारताना दिसते. हँडल पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे वळवल्यावर गाडी अडखळत असेल, तर स्टीअरिंगच्या मानेपाशी रोज वाकणारी एखादी तार आवरणाच्या आत तुटली आहे. ती हलक्या हाताने ओढली की त्या जागी रबरासारखी लांबते. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याला हेडलाइट आणि स्विच दाखवू नयेत. पावसाचं पाणी वरून पडतं, फवाऱ्याचं खालून घुसतं, आणि स्विच बनवणाऱ्याने फक्त पावसाचा विचार केलेला असतो.

दोष सापडल्यावर दुरुस्ती कशी होते यावर पुढचा दोष ठरतो. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळणं ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत. भिलाईच्या उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद दोन महिन्यांत वितळून खाली येतो. चांगला दाबलेला कनेक्टर आणि वर उष्णतेने आक्रसणारी नळी, एवढं केलं तरी पुष्कळ. ६ व्होल्टची गाडी १२ ची करताना कॉइलही १२ ची लावावी, नाहीतर दुप्पट करंटने ती आणि पॉइंट दोन्ही जळतात. लहान गाडीत ६० वॅटचा हॅलोजन बसवायचा तर आधी अल्टरनेटर तेवढी वीज देतो का ते पाहावं आणि रिले लावावा. जुना स्विच तो करंट सहन करत नाही, वितळतो. आणि उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली पन्नी गुंडाळणाऱ्याला तर हातच जोडावेत. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी तार सांगाड्याला टेकली. पन्नी उडत नाही, मग तार तापते, तिचं आवरण पेटतं, आणि बरोबर वर पेट्रोलची टाकी असते. जागेवर राखीव फ्यूज नसेल तर टेस्ट लॅम्प उपयोगी पडतो : इंडिकेटरचा जुना बल्ब आणि दोन तारा. फ्यूजच्या जागी तो लावला की शॉर्ट असेतो बल्ब लख्ख पेटतो, करंट मर्यादेत राहतो, आणि वायरिंग हलवत गेलं की ज्या ठिकाणी बल्ब मंद होतो किंवा विझतो तिथे दोष.

शेवटी एक रस्त्यावरचा हिशेब. बॅटरीवर ठिणगी असलेली १२ व्होल्टची बुलेट, नागपूरहून भिलाईला येताना देवरीजवळ अल्टरनेटरने राम म्हटला. अँमीटरचा काटा रेस दिली तरी अधिकाच्या बाजूला येत नाही. पुढे शंभरेक किलोमीटर आहेत, म्हणजे दोन तास. बॅटरी ९ अँपिअर-तासांची, चांगली, पूर्ण भरलेली. दिवसा, सगळे दिवे बंद ठेवले तर फक्त कॉइल करंट खाते, सरासरी दोनेक अँपिअर. हॉर्न आणि ब्रेकलाइट जपून वापरले तर राजनांदगाव ओलांडून, दुर्ग ओलांडून घरी पोचूनही बॅटरीत थोडं शिल्लक राहील. रात्री हेडलाइटचे तीन आणि मागच्या दिव्याचा जवळपास अर्धा अँपिअर त्यात मिळवा. झाले साडेपाच. एवढा करंट ओढला की ९ ची बॅटरी पूर्ण ९ देत नाही, आणि तासाभराच्या पुढे आधी दिवा पिवळा पडतो, मग ठिणगी चुकायला लागते. ते होतं बागनदी आणि राजनांदगाव यांच्या मधे कुठेतरी, ट्रकांच्या रांगेत, अंधारात. देवरीला ढाबे आहेत. जेवून तिथेच खाट मागावी आणि उजाडल्यावर निघावं.